म्हातारे पेशंट आणि सिस्टर : बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव सांगा

मलप्रभाकाठ

मंडळी, पावसाच्या तोंडाला आत्या न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. खानापुरात फोटो काढला, तिथून बेळगावला हलवलं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. हा धागा वॉर्डातल्या सिस्टरांबद्दल आहे. दवाखान्याचं नाव मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. नाव आलं की धागा भांडणात जातो.

आत्या ऐंशीच्या पुढची. उजव्या कानाने ऐकू येत नाही, कानडी बाजारापुरतं येतं. सकाळच्या पाळीला दोन सिस्टर असायच्या. एक लांबूनच "ए अज्जी, सुम्ने मल्को" (गप पडून राहा) म्हणत यायची. हातातली सुई हलली की आत्याला ओरडा. गोळ्या तळहातावर टेकवल्या की ती पुढच्या खाटेकडे. पाणी द्यायला कोणी येईपर्यंत आत्या त्या मुठीत धरून बसायची, घामाने गोळीचा रंग हाताला लागायचा. दुसरी वयाने लहानच. ती डाव्या कानाच्या बाजूला यायची, वाकायची आणि आधी विचारायची, "काजू कसा आला हो आत्या औंदा?" आत्या काजूचं सांगेपर्यंत हिची सुई तपासून, पट्टी बदलून झालेली असायची. वेळ दोघींना जवळपास तेवढाच लागायचा, मी समोरच्या स्टुलावर बसून बघत होतो.

मग फरक कशाचा? स्वभावाचा, शिकवणीचा, की कामाच्या ओझ्याचा? या पेशातल्या कोणी असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

एक सून

स्वभाव वगैरे नंतर. ज्याच्याजवळ माणूस बसलंय त्याच्याशी सिस्टर बऱ्या वागतात, हा माझा अनुभव. सासऱ्यांच्या शेजारच्या खाटेवर चिकोडीकडचे एक आजोबा होते, मुलगा पुण्याला. पाणी मागितलं, "तुमचं माणूस कुठाय?" लघवीला लागली, "तुमचं माणूस कुठाय?" उशी सरकली तरी तेच. शेवटी सासऱ्यांना पॉट दिला की मी त्यांनाही देऊ लागले. परकी सून म्हणून ते चादर तोंडावर ओढून घ्यायचे.

तंबाखूची वखार

कामाचं ओझं काय लावलंय? पगार घेतात ना? शेतात राबणाऱ्या बाईला ओझं नाही? म्हाताऱ्या माणसाला 'ए' म्हणून हाक मारायला कुठल्या कॉलेजात शिकवतात ते तरी कळू दे. आमच्या निपाणीत भाजीवालीसुद्धा 'काका' म्हणते.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. कुठे ते सांगत नाही. दोन खासगी दवाखाने करून आता सरकारी नोकरीत आहे, त्यामुळे दोन्हीकडचं माहीत आहे.

वखारवाले, 'ए' म्हणणं चूकच. त्याची बाजू घ्यायला मी आलेली नाही. पण मलप्रभाकाठ यांनी सकाळची पाळी बघितली, त्यांनी एकदा रात्रीचीही बघावी. साध्या वॉर्डात सहा खाटांना एक नर्स असा सरकारी मापदंड आहे. रात्री दोघींवर अख्खा वॉर्ड असतो, त्यातली एक नवीन ॲडमिशनमध्ये अडकलेली. आणि म्हातारा पेशंट म्हणजे फक्त वय जास्त असलेला पेशंट नव्हे. तरुणाच्या हाताला सुई लावायला दोन मिनिटं लागतात. सत्तरीच्या पुढे शीर दिसते ठसठशीत, पण टोचली की सरकते, नाहीतर फुटून खाली निळं पडतं. तरुणाला सहा गोळ्या दिल्या तर एका घोटात घेतो. आजीला एकेक द्यावी लागते, मधे ठसका लागला की थांबायचं. झोपवून पाजलं तर फुफ्फुसात जायची भीती, म्हणजे आधी उठवून बसवायचं, आणि ते एकटीचं काम नाही. तेवढ्यात चार खाटांची सलाईन संपलेली असतात.

केसपेपरवर काय लिहावं लागतं? औषध किती वाजता दिलं, बीपी किती, लघवी किती. सही करायची. आजीला बसवून, धीर देऊन पाणी पाजलं याला कुठेच रकाना नाही. इनचार्ज सिस्टर सकाळी रकाने बघतात. ज्याचा रकाना नाही ते काम नातेवाइकांचं, हे कोणी आम्हाला शिकवलेलं नाही, पहिल्या महिन्यात आपोआप अंगवळणी पडतं. आपल्याकडचे दवाखाने धरूनच चालतात की खाटेजवळ घरचं माणूस आहे. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, पॉट देणं, सगळं त्याच्या भरवशावर. ज्या म्हाताऱ्याजवळ ते माणूस नाही तो सगळ्यांना जड होतो, आणि ओरडा त्यालाच बसतो. एक सून यांनी लिहिलंय ते अगदी तंतोतंत आहे. "तुमचं माणूस कुठाय" हे मीही रोज विचारते.

आता एक गोष्ट जी नातेवाइकांना सहसा कळत नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका दुपारनंतर पाणी पिणं बंद करतात. का? रात्री पॉट मागायची लाज आणि ओरडा बसायची भीती. त्यात ड्युटीवर ब्रदर (पुरुष नर्स) असेल तर विचारूच नका. तांब्या सकाळी भरून ठेवलेला संध्याकाळी तसाच. मग लघवी कमी, जळजळ, इन्फेक्शन, आणि दोन दिवसांनी आजी बरळायला लागते. तेव्हा सगळे म्हणतात म्हातारीला भ्रम झाला. एकदा ओरडलेल्या सिस्टरचा हिशेब असा तिसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डाला चुकवावा लागतो.

मलप्रभाकाठ

रात्रपाळीताई, आत्याचं अगदी हेच झालं. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री ती वारलेल्या मामांना हाका मारायला लागली, सलाईन उपटलं, "बैल सुटलेत, दार लावा" म्हणत खाली उतरायला बघत होती. सिस्टरांनी दोन्ही हात गॉजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले. मी विचारलं तर म्हणाल्या, "आज्जीचं डोकं गेलंय, घरी पण असंच करतात का?" घरी ती तांदूळ निवडते, हिशेब तोंडी करते. सकाळी निम्मी शुद्धीवर, संध्याकाळी परत तेच. मनगटावर वळ उठले होते.

कॉलेजातली

मी नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या आत्याचं डोकं गेलेलं नव्हतं. याला डिलिरियम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत हे फार वेळा दिसतं. अचानक सुरू होतं, दिवसभरात कमीजास्त होतं, रात्री वाढतं. स्मृतिभ्रंश हळूहळू, महिन्यावर्षांनी येतो. हे काही तासांत येतं आणि कारण सापडलं तर बहुतेकदा उतरतं. कारणं साधी असतात: लघवीचं इन्फेक्शन, लघवी तुंबणं, पोट साफ न होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, न सांगितलेल्या वेदना, झोपेची गोळी. त्यावर अनोळखी जागा, रात्रभर चालू ट्यूबलाइट, आणि 'हरवेल' म्हणून घरी नेलेला चष्मा किंवा कानातलं मशिन. हात बांधले की माणूस आणखी बिथरतो. ओळखीचा आवाज, चष्मा, दिसेल असं घड्याळ, दिवसा खिडकीचा उजेड आणि रात्री शक्य तेवढी सलग झोप, याने जास्त फरक पडतो.

याचाच एक गप्प प्रकार असतो, तो जास्त निसटतो. म्हातारा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला, हाक मारली तर उशिरा ओ देतो, ताट तसंच. वॉर्डात त्याला 'गुणी पेशंट' म्हणतात, कारण तो कोणाला हाक मारत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते, काल बोलणारा माणूस आज गुणी झाला असेल तर आधी डॉक्टरांना कळवा.

आता मूळ प्रश्न, मनोवृत्तीचा. यावर जगभर मोजमाप झालेलं आहे. नॅथन कोगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली म्हाताऱ्या माणसांविषयीच्या ३४ विधानांची एक प्रश्नावली केली. १७ विधानं चांगल्या बाजूची, १७ त्यांच्या उलट, आणि प्रत्येकाला किती सहमत ते सांगायचं. नर्सिंगच्या संशोधनात ती अजून वापरतात. बहुतेक ठिकाणी नर्सेसची उत्तरं मध्यम ते थोडी चांगल्या बाजूची येतात. म्हणजे कागदावर कोणालाच म्हातारे नकोसे नसतात! आमच्या मुलीही लिहितात, 'ज्येष्ठांचा आदर करावा'. त्याच मुलींना पोस्टिंग विचारलं तर आयसीयू, ऑपरेशन थिएटर, लेबर रूम. मेडिकल वॉर्ड म्हटलं की चेहरे पडतात. म्हाताऱ्यांची शुश्रूषा अभ्यासक्रमात आहे, पण दुसऱ्या विषयांच्या पोटात. परीक्षेत एखादा प्रश्न येतो, तेवढ्यापुरता धडा वाचतात.

गंमत अशी की यातल्याच कितीतरी जणी पुढे इंग्लंड-जर्मनीला जातात आणि तिथे दिवसभर म्हाताऱ्यांचीच सेवा करतात. व्हिडिओ कॉलवर सांगतात, मॅडम, इथे आजोबांना अंघोळ घालायचंसुद्धा कामात मोजतात.

सीमावासी

मूळ दुखणं वेगळंच आहे. इथल्या सिस्टर कानडी, पेशंट मराठी. १९५६ साली हा भाग तिकडे घातला तेव्हापासून हेच. म्हाताऱ्याला काय होतंय ते कळणार कुठून? २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली तर त्यावरही इथे ओरड!

एक सून

योजनेसाठी वेगळा धागा काढा हो. इथे सीमाप्रश्न आला की सासऱ्यांचा पॉट राहतो बाजूला.

घटप्रभेचा

नमस्कार. मी गोकाकचा, घरी कन्नड. ब्रदर आहे. मराठी पेशंटकडूनच शिकलो, चुका असतील तर सांभाळून घ्या.

सीमावासी, भाषेची अडचण खरी आहे, पण ती एकाच बाजूची नाही. अथणी, कागवाडकडची आमची माणसं मोठ्या दुखण्याला मिरजेला जातात. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं, आमच्या आजोबांपासून तीच वाट आहे. माझे काका तिकडेच एका वॉर्डात होते, मराठी येत नव्हतं. सिस्टर काय सांगते ते न कळल्यामुळे चार दिवस मान हलवत राहिले. सगळ्याला 'हो'. दुखतंय का, हो. बरं वाटतंय का, हो. सिस्टरला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

माझं बघणं असं आहे की म्हातारा माणूस ताप-दुखण्यात दुसरी भाषा विसरतो. एरवी संतेत (आठवडी बाजारात) कन्नडमध्ये घासाघीस करणारी मराठी आजी वॉर्डात एक शब्द बोलत नाही. म्हणून मी विचारत बसत नाही, हात धरून तिच्याच हाताने जागा दाखवायला लावतो. आणि तोंड बघतो. कूस बदलताना कपाळाला आठी पडली तर दुखतंय, 'नाही' म्हणाली तरी.

पण रात्रपाळीअक्कांनी बायकांच्या लाजेचं लिहिलं ते सोळा आणे खरं. मला बघून आज्या पदर डोक्यावर घेतात की. त्यांनी पॉट मागायची मी वाट बघत नाही. रात्री दहाला आणि पहाटे आयाला घेऊन फिरतो, न विचारता प्रत्येकीला पॉट. तेवढा वेळ जातो, पण खाट भिजली तर चादर, अंग, कपडे करायला त्याच्या तिप्पट जातो. हे दयाबुद्धीचं काही नाही, पाळी सुखाची जाते म्हणून करतो.

तंबाखूची वखार

ब्रदर, तुमच्यासारखे थोडे. पण आयांचं पण लिहा की. पन्नास-शंभर टेकवल्याशिवाय आया हात लावत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

रात्रपाळी

बोलते. पैसे घेणं वाईट, आणि घेतात. पण आया बहुतेक कंत्राटी, पगार वेळेवर होत नाही, आणि वॉर्डातलं सगळ्यात कठीण काम तिचं. आमच्याकडे खानापूर बाजूची एक मावशी आहे, शाळा चौथीपर्यंत. आजोबांना पुसताना कोमट पाण्यात बोट घालून बघते, आधी तोंड, मग छाती, आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. माकडहाड आणि टाचा रोज बोट दाबून बघते. लाल झालेली कातडी दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर मला येऊन सांगते, "सिस्टर, हितं बसालंय बघा." बेडसोअरची (पडून पडून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी आहे ती. मला पुस्तकातून माहीत होती, पण रोज खाली वाकून बघणारी ती. आणि तिला कुठलं प्रशिक्षण दिलं? फिनेल किती पाण्यात किती घालायचं, एवढंच.

पेन्शनर

कायद्याचं दोन ओळीत सांगतो, कारण कोणालाच माहीत नसतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७. त्यातलं कलम २० म्हणतं की सरकारी व अनुदानित दवाखान्यांनी शक्य तितकं ज्येष्ठांना खाटा द्याव्यात आणि त्यांची रांग वेगळी असावी. ज्येष्ठ म्हणजे ६० पूर्ण. शिवाय ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड धरलेला आहे. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७. एवढं ठाऊक असलं तर खिडकीवर आवाज जरा खणखणीत निघतो. 'शक्य तितकं' हे दोन शब्द मात्र कायदा लिहिणाऱ्याने फार विचार करून घातलेत.

एक सून

पेन्शनर काका, खाटेचं झालं. खाटेवरच्या माणसाला पाणी कोणी द्यायचं ते कुठल्या कलमात आहे?

पेन्शनर

नाही सापडलं.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. आता आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग होईल. त्या लहान सिस्टरनेच सुचवलं. एका कागदावर ठळक लिहिलं, मराठीत आणि खाली कानडीत (कानडी आमच्या शेजाऱ्यांनी लिहून दिलं): 'यांना आत्या म्हणा. डाव्या कानाने ऐकू येतं. चष्मा ड्रॉवरमध्ये. घरी स्वतः जेवतात, हिशेब करतात. रात्री लघवीला दोनदा उठतात, सांगायला लाजतात.' उशाशी चिकटवला. चष्मा दिवसभर डोळ्यांवर ठेवला, रात्री पुतण्या बसायला लागला. 'घरी हिशेब करतात' हे वाचून मोठे डॉक्टर राउंडला थांबले, रक्त तपासायला पाठवलं, सोडियम उतरलेलं निघालं. ते भरून आल्यावर बैल गोठ्यात गेले.

आणि ती ओरडणारी सिस्टर? तिने कागद वाचला, एवढं खरं. प्रेमळ वगैरे झाली नाही. पण डाव्या बाजूने यायला लागली, आणि गोळीबरोबर पाण्याचा पेला.

रात्रपाळी

कागदाची कल्पना चांगली. पण तो लिहायलाही माणूसच लागलं ना? पुतण्या, शेजारी, तुम्ही. चिकोडीच्या त्या आजोबांच्या उशाशी कोण लिहिणार? मला वाटतं हा मजकूर ॲडमिशनच्या पेपरातच हवा, छापील रकाना. ऐकू येतं का, चष्मा आहे का, काय म्हणून हाक मारायची, घरी चालत होते का, सोबत कोण आहे. आणि 'कोणी नाही' असं उत्तर आलं तर त्या खाटेवर लाल खूण, म्हणजे तिथे सिस्टरने आधी जायचं. आज उलटं होतं, तिथे शेवटी जातात. मी आमच्या इनचार्जना हे बोलले. त्या म्हणाल्या, आधीच सतरा कागद आहेत, अठरावा कोण भरणार. त्यांचंही खोटं नाही.

कॉलेजातली

रकाना ॲडमिशनवेळी ट्रेनी मुलींकडून भरून घेता येईल. त्यांना तसंही पेशंटशी काय बोलावं सुचत नाही. पुढच्या बॅचला मी हे करून बघणार आहे, प्रत्येकीने एका म्हाताऱ्या पेशंटचा असा कागद लिहायचा, आणि तो फाइलमध्ये न जाता उशाशी लागला पाहिजे. मार्क त्यालाच.

घटप्रभेचा

मॅडम, दोन्ही भाषेत लिहायला लावा. आणि मुलगेही पाठवा, फक्त मुली नको.

तंबाखूची वखार

धागा वाचतोय. वडिलांना परवा डिस्चार्ज मिळेल, पण अजून उठता येत नाही. घरी वॉटर बेड घ्यावा म्हणतात. भाड्याने मिळतो का, आणि घेतला तर पाठीला फोड येत नाहीत ना?

रात्रपाळी

बेळगावात सर्जिकल सामानाच्या दुकानांत भाड्याने मिळतो, डिपॉझिट ठेवावं लागतं. शक्यतो हवेच्या गादीवाला घ्या, पंप चालू आहे ना ते रात्री हाताने बघा, लाईट गेली की हवा उतरते. पण गादी घेतली म्हणजे सुटलात असं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. टाचांखाली मऊ उशी अशी घाला की टाच अधांतरी राहील. पावडर थापू नका, घामाने गोळे होतात. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरकडून कूस बदलायची पद्धत करून दाखवायला सांगा, नुसती ऐकून येऊ नका. आणि वखारवाले, रात्री दोनला आणि चारला कोण उठणार ते घरात आत्ताच ठरवा.